एका आज्ञावलीची बदली

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे बरोबर काय न्यावे आणि मागे काय ठेवावे, हा प्रश्न परप्रांतात चाकरी करणाऱ्या मराठी माणसास नवा नाही. भांडीकुंडी, ग्रंथ आणि देव्हारा नेता येतो. विहिरीचे पाणी, शेजार आणि अंगणातला प्राजक्त नेता येत नाही. नव्या गावी गेल्यावर मागे राहिलेल्या गोष्टींची किंमत कळते, आणि त्यांच्यावाचून संसार कसा मांडावा हेही हळूहळू उमगत जाते. १९९० नंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत दिल्लीहून बंगळूरला अशीच एक बदली झाली. बदलून आलेली वस्तू होती हवामानाचा अंदाज वर्तविणारी एक गणिती आज्ञावली. दिल्लीस ती एका परदेशी महासंगणकावर चालत असे. बंगळूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेने ती स्वतः बांधलेल्या, तुलनेने तुटपुंज्या यंत्रावर चालवून दाखविली. देशातील विज्ञानाच्या इतिहासात हे प्रकरण लहानसेच आहे. परंतु विकत घेतलेले ज्ञान आपले केव्हा होते, या प्रश्नावर ते बराच प्रकाश टाकते, म्हणून ते सविस्तर सांगण्याजोगे आहे.

प्रथम ही आज्ञावली दिल्लीस का आली ते पाहू. १९८७ साली नैर्ऋत्य मोसमी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे १९ टक्के कमी पडला. शतकातील मोठ्या अवर्षणांत त्याची गणना होते. त्या काळी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव होते डॉ. वसंत गोवारीकर. संपूर्ण हंगामाच्या पावसाचा अंदाज सोळा घटकांवरून बांधण्याची त्यांची पद्धत १९८८ पासून वापरात आली आणि घरोघरी त्यांचे नाव झाले. परंतु हंगामात एकंदर किती पाऊस पडेल हे कळले, तरी येत्या आठवड्यात पेरणी करावी की थांबावे, हे शेतकऱ्याला त्यातून कळत नाही. तीन ते दहा दिवसांचा अंदाज हवा असेल, तर वातावरणाच्या गतीची समीकरणे प्रत्यक्ष सोडविण्यावाचून गत्यंतर नसते. या मध्यम मुदतीच्या अंदाजासाठी १९८८ साली दिल्लीत एक स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि त्याच्यासाठी अमेरिकेतून ‘क्रे एक्स-एमपी १४’ हा महासंगणक आणला गेला.

त्या नावातील आकड्यांतच एक राजकारण दडलेले आहे. पहिला आकडा प्रोसेसरांचा आणि दुसरा स्मृतीचा. ‘१४’ म्हणजे एक प्रोसेसर आणि चाळीस लाख शब्दांची स्मृती. भारताची मूळ मागणी यापेक्षा मोठ्या यंत्राची, दोन प्रोसेसरांच्या ‘२४’ची होती. अशा यंत्रावर अण्वस्त्रांची आणि गुप्त लिप्यांची गणितेही होऊ शकतात, या कारणास्तव अमेरिकेने हात आखडता घेतला. दीर्घ वाटाघाटींनंतर जे लहान यंत्र मिळाले, तेही हवामानाखेरीज अन्य कामास वापरावयाचे नाही, या बंधनासह. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेलाही असा महासंगणक हवा होता. तो मिळालाच नाही. आज दूरध्वनीचे लहानसे यंत्र खिशात घालून फिरणाऱ्या माणसाजवळ त्या क्रेपेक्षा कितीतरी अधिक गणनशक्ती असते. त्यामुळे त्या काळच्या अडवणुकीचे गांभीर्य आता चटकन ध्यानात येत नाही.

बंगळूरची दुसरी बाजू येथून सुरू होते. १९५९ साली स्थापन झालेली आणि १९६० पासून बंगळूरला असलेली राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा ही विमानांभोवतीच्या वायुप्रवाहाचा अभ्यास करणारी संस्था. १९८४ पासून १९९३ पर्यंत प्रा. रोद्दम नरसिंह तिचे संचालक होते. विमानाच्या पंखावरून वाहणारा वारा आणि अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा हे दोन्ही मुळात एकाच जातीच्या समीकरणांनी बांधलेले आहेत. ती समीकरणे सोडविण्यास लागणारा मोठा संगणक बाहेरून मिळण्यासारखा नव्हता. तेव्हा बाजारात सहज मिळणारे लहान प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घ्यावे, असा विचार तेथे झाला. १९८६ साली या प्रयत्नातून ‘फ्लोसॉल्व्हर’ नावाचा समांतर संगणक उभा राहिला. त्याचे प्रोसेसर होते इंटेलचे ८०८६, आणि अपूर्णांकांच्या गणितासाठी त्यांच्या जोडीला ८०८७. घरगुती संगणकांत वापरला जाणारा हा माल. भारतात तयार झालेला हा पहिला समांतर संगणक समजला जातो. १९८८ साली त्याचे वर्णन ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आले, तेव्हा लेखकांत यू. एन. सिन्हा यांच्यासमवेत एम. डी. देशपांडे आणि व्ही. आर. सरसम्मा ही नावे होती.

हाच विचार देशात इतरत्रही चालू झाला होता. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे ‘सी-डॅक’, स्थापन झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला. मुंबईस भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुपम’ बांधला. हैदराबादेस संरक्षण-संशोधनाच्या छत्राखाली ‘पेस’ तयार झाला. यंत्रे झाली, पण त्यांची कसोटी कोणत्या कामावर घ्यावयाची? १९९३ च्या सुमारास विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने या संस्थांपुढे दिल्लीतील हवामानाची आज्ञावली ठेवली. तिचे नाव ‘टी-८०’. क्रेवर रोज चालणारे काम आपल्या यंत्रांवर चालते का, हे पाहावयाचे होते.

येथे एक तांत्रिक मुद्दा समजून घेतला पाहिजे, कारण या हकीकतीचा सर्व अर्थ त्यात आहे. आज्ञावलीची दोन रूपे असतात. एक मूळ लेखन. ते माणसाने माणसाला वाचता येईल अशा भाषेत, येथे फोर्ट्रानमध्ये, केलेले असते. दुसरे संकलित रूप. कंपायलर नावाची दुसरी आज्ञावली त्या लेखनाचे विशिष्ट यंत्राच्या बोलीत रूपांतर करते, तेव्हा ते तयार होते. पहिले रूप सावकाश वाचता येते; दुसरे फक्त चालविता येते, आणि तेही त्याच जातीच्या यंत्रावर. कचेरीच्या परिभाषेत सांगावयाचे, तर संकलित रूप म्हणजे सही-शिक्क्यानिशी निघालेला हुकूम, आणि मूळ लेखन म्हणजे त्यामागची टिपणांसह असलेली फाईल.

१९५६ साली राज्यपुनर्रचनेत बेळगाव (चंदगड वगळून), धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. तेव्हा १८७९ ची मुंबई जमीन महसूल संहिता त्या भागात तशीच लागू राहिली आणि म्हैसूरचा १९६४ चा कायदा येईपर्यंत चालली. दोन राज्यांच्या महसुली रीती जुळविणाऱ्यास जुन्या हुकमांच्या नकला काढून भागत नसे. कोणत्या कलमान्वये, कोणत्या कारणास्तव तो हुकूम निघाला, हे फाईल उघडून पाहावे लागे. आज्ञावलीचेही तसेच आहे. नव्या यंत्राचा कायदा निराळा असेल, तर जुना हुकूम तेथे कागदाचा तुकडा ठरतो.

टी-८० च्या बाबतीत हा भेद ठायी ठायी जाणवण्यासारखा होता. क्रेवर काम करणाऱ्यास गणिताचे कितीतरी अवयव तयार मिळत. आकड्यांच्या लांब रांगांची फूरिये-रूपांतरे, सारण्यांचे गुणाकार, बेरजा, हे सर्व क्रे कंपनीने आपल्या यंत्रासाठी घासून-पुसून, संकलित करून ठेवलेल्या संचात असे. आज्ञावलीत त्यांचे नुसते नाव घातले की काम होई. या संचालाच संगणकाचे लोक ‘लायब्ररी’ म्हणतात. पण या ग्रंथालयातील ग्रंथ उघडता येत नाहीत, त्यांच्याकडून काम तेवढे करवून घेता येते. दिल्लीहून बंगळूरला येताना हे ग्रंथालय मागे राहणार, हे ठरलेलेच होते. जेथे नावापुढे नुसती हाक होती, तेथे आता त्या नावाचा माणूस उभा करणे भाग होते. फूरिये-रूपांतर नेमके कोणत्या क्रमाने, कोणत्या प्रमाणांकाने अपेक्षित आहे, हे आजूबाजूच्या ओळी वाचूनच ठरवावे लागते.

दुसरी अडचण आकड्यांची. क्रेचा प्रत्येक शब्द ६४ द्व्यंकांचा. फोर्ट्रानमध्ये साधी अपूर्ण संख्या म्हटली की तेथे ती ६४ द्व्यंकी समजली जाई. इतर बहुतेक यंत्रांवर, आणि फ्लोसॉल्व्हरच्या तिसऱ्या पिढीतील इंटेल आय-८६० या प्रोसेसरवरही, तीच संख्या न सांगता ३२ द्व्यंकांची होते. म्हणजे तोच मजकूर, तोच शब्द, आणि अर्थ निम्म्या बारकाईचा! शिवाय क्रेची अपूर्णांक लिहिण्याची स्वतःची रीत होती. इंटेलने मात्र १९८५ साली ठरलेली सर्वमान्य रीत पाळली होती. शब्दातील बाइटांचा क्रमही दोन्हीकडे उलटा. त्यामुळे क्रेने लिहून ठेवलेली वाऱ्याची, तापमानाची, दाबाची प्रारंभिक नोंद जशीच्या तशी वाचली, तर निघणारा आकडा हास्यास्पद असे. मोडीतील जमाखर्च बालबोधी समजून वाचावा, त्यातला प्रकार.

तिसरी अडचण कामाच्या वाटणीची. क्रे हे एकाच पहिलवानाचे यंत्र. लांबच लांब रांगेवर एकच क्रिया झपाट्याने करीत जाणे हे त्याचे बळ. सेकंदास वीस कोटींहून अधिक क्रिया करण्याची त्याची कमाल क्षमता होती. आय-८६० चीही कागदोपत्री क्षमता सेकंदास सहा ते आठ कोटी क्रियांची होती. पण कंपायलरला ती पुरतेपणी वापरता येत नसे आणि प्रत्यक्षात पदरी पडे त्याचा लहान अंश. तेव्हा अनेकांनी मिळून काम करावयाचे. पण वाटणी करावयाची कशी?

टी-८० मध्ये पृथ्वीचे वातावरण अक्षवृत्तांच्या १२८ ओळी, प्रत्येक ओळीवर २५६ बिंदू आणि उंचीचे १८ थर, असे मांडलेले होते. एकूण सुमारे ५ लक्ष ९० हजार बिंदू. ढग, पाऊस, सूर्याची उष्णता यांचे हिशेब प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे होतात; फूरिये-रूपांतर एका ओळीपुरते असते. उत्तरेकडील ओळ आणि तिच्याच अंशावरील दक्षिणेकडील ओळ यांची जोडी लावली, तर ६४ जोड्या होतात. समजा चार प्रोसेसर आहेत, तर प्रत्येकाच्या वाट्यास सोळा. येथपर्यंत भाऊबंदकीची वाटणीसुद्धा इतकी सरळ होत नाही. पण पुढच्या पायरीला प्रत्येक राशीचे, प्रत्येक थराचे ३३२१ गुणांक काढावयाचे असतात, आणि त्यांतील प्रत्येकासाठी सर्व ओळींची बेरीज लागते. प्रत्येकाने आपल्या वाट्याची बेरीज करावयाची, मग सर्वांनी त्या एकत्र करावयाच्या, आणि ते होईपर्यंत कोणी पुढे जावयाचे नाही. काळाच्या प्रत्येक टप्प्याला हे करावे लागते. प्रोसेसरांमधील दळणवळण सावकाश असेल, तर सारा वेळ एकमेकांची वाट पाहण्यात जातो. समांतर संगणकाची खरी परीक्षा या एका बेरजेत असते.

आणि याच बेरजेतून एक प्रश्न निर्माण होतो. तो केवळ तांत्रिक नाही. शाळेत आपण शिकलो की बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही. संगणकात हे पूर्णपणे खरे नाही, कारण तो मोजकेच अंक ठेवतो. समजा चारच अंक ठेवण्याची मुभा आहे. १००० मध्ये ०.४ मिळविले, तर पूर्णांकांत १००० च राहिले, पुन्हा ०.४ मिळविले, तरी १००० च. उलट, आधी दोन ०.४ एकत्र करून ०.८ केले आणि मग १००० मध्ये मिळविले, तर उत्तर १००१. चार प्रोसेसरांनी तुकड्या-तुकड्यांनी केलेली बेरीज आणि क्रेने एका ओळीत केलेली बेरीज यांच्या शेवटच्या अंकात असा फरक पडणारच.

इतर कोणत्या गणितात हा फरक सोडून देता आला असता. हवामानात तो वाढतो. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लोरेन्झ यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा घालून आपले गणित पुन्हा चालविले, आणि काही काळाने त्यांना पूर्वीपेक्षा अगदी निराळे हवामान दिसू लागले. मग बंगळूरच्या यंत्राने दहाव्या दिवशीचे जे चित्र काढले, ते दिल्लीच्या चित्राहून भिन्न निघाले, तर त्याचे कारण कोणते समजावे? वातावरणाचा हा स्वभाव, की स्थलांतर करताना राहून गेलेली एखादी चूक? दोन्हींची लक्षणे वरवर सारखीच. जो केवळ अंतिम चित्रे ताडून पाहील, त्याला हे कधीच सांगता येणार नाही. त्यासाठी काळाच्या पहिल्याच टप्प्याचे आकडे अंकागणिक तपासावे लागतात. फरक शेवटच्या अंकांत आहे की मध्यावर, हे पाहावे लागते. वातावरणाचे एकूण वजन आणि ऊर्जा यांचा हिशेब सुटत नाही ना, याची खात्री करावी लागते. आणि मूळ यंत्रावरच प्रारंभीच्या आकड्यांना नखभर धक्का दिला तर फरक किती वेगाने वाढतो, त्या वेगाशी तुलना करावी लागते. म्हणजे आज्ञावली बरोबर चालते असे म्हणण्याचा अधिकार मिळण्याआधी ती समजून घ्यावी लागते. शिवाय तिने वर्णिलेला निसर्गही कळावा लागतो.

या कामी बंगळूरला आणखी एक अनुकूलता होती. भारतीय विज्ञान संस्थेतील वातावरणविज्ञान केंद्रात मोसमी पावसाचा मूलगामी अभ्यास चालत असे, आणि त्यात अग्रणी होत्या प्रा. सुलोचना गाडगीळ. पुण्यात जन्मलेल्या, तेथेच शिकलेल्या आणि हार्वर्डहून परतून १९७३ पासून बंगळूरकर झालेल्या या विदुषीने डी. आर. सिक्का यांच्यासह १९८० साली दाखवून दिले होते की मोसमी ढगांचा पट्टा विषुववृत्ताकडून उत्तरेकडे वारंवार सरकत जातो. अनंतपूर भागातील भुईमुगाच्या शेतकऱ्यांशी बोलून पेरणीच्या तारखांचा विचार करणाऱ्याही त्याच. दहा दिवसांच्या अंदाजाचे मोल कोणाच्या शेतात ठरते, हे त्यांस माहीत होते. टी-८० च्या स्थलांतराचा लेख १९९४ साली ‘करंट सायन्स’मध्ये ‘समांतर संगणकांवर मोसमी पावसाचा अंदाज’ अशा अर्थाच्या शीर्षकाने प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत प्रयोगशाळेचे सिन्हा व त्यांचे सहकारी, दिल्लीच्या केंद्राचे बी. के. बसू आणि सुलोचना गाडगीळ अशी तिन्ही घराणी एकत्र आली होती. यंत्र जोडणारे, आज्ञावली रोज चालविणारे आणि पाऊस जाणणारे यांची ती एकत्र सही होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आता या उद्योगाचे फळ काय, हे निःपक्षपातीपणे पाहिले पाहिजे. स्वदेशीच्या अभिमानात त्याचे मोल वाढवून सांगण्याचा मोह होतो. फ्लोसॉल्व्हरने क्रेला पदच्युत केले नाही. दिल्लीतील रोजचा अंदाज त्या यंत्राकडे आला नाही. पुढे शीतयुद्ध सरले, प्रोसेसर स्वस्त झाले, निर्बंधांची धार बोथट झाली, आणि देशाने हवामानासाठी पुन्हा बाहेरची यंत्रे विकत घेतली. २०१८ साली पुण्यात बसविलेला ‘प्रत्यूष’ आणि नोएडातील ‘मिहिर’ हे दोन्ही महासंगणक क्रे कंपनीच्याच ‘एक्ससी-४०’ जातीचे होते. ज्या नावासाठी एके काळी दोन सरकारांनी वर्षानुवर्षे वाटाघाटी केल्या, ते नाव निविदा काढून घरी आले. २०२४ च्या सप्टेंबरात त्यांच्या पुढचे ‘अर्क’ आणि ‘अरुणिका’ कार्यान्वित झाले. कोणी म्हणेल, मग बंगळूरचा तो खटाटोप कशासाठी? दहा-पंधरा वर्षे थांबलो असतो तर यंत्र आपोआप मिळाले असते.

हा आक्षेप यंत्रापुरता खरा आहे. आज्ञावलीपुरता खरा नाही. बाहेरून आणलेली टी-८० दिल्लीत क्रेवर सुखाने चालत होती. जोवर ती चालत होती, तोवर तिच्या प्रत्येक ओळीकडे पाहण्याची निकड कोणास पडली नसती. हातची साधने अपुरी होती, लायब्ररी मागे राहिली होती, आकडे निम्मे झाले होते, म्हणूनच ती ओळीओळीने वाचावी लागली. त्या वाचनातून जे कळले, ते त्या यंत्रासह मोडीत निघाले नाही. त्याच प्रयोगशाळेत पुढे, २००० नंतरच्या दशकात, हवामानाची आज्ञावली नव्याने रचण्याचे काम झाले आणि तिला ‘वर्षा’ असे नाव मिळाले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली आणि २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेली, सहा किलोमीटरांच्या जाळ्यावर देशाचा अंदाज देणारी ‘भारत’ पद्धती हे निराळ्या वंशाचे, निराळ्या पिढीचे काम आहे. पण परक्याची आज्ञावली उघडून, तिच्यात हात घालून, आपल्या पावसासाठी ती बदलण्याची हिंमत देशात आहे, हे १९९४ च्या आधी इतक्या थोड्या साधनांनी दाखवून देणाऱ्यांत बंगळूरचा तो चमू होता.

आज पुन्हा प्रगत प्रोसेसर कोणत्या देशास किती द्यावयाचे, याच्या याद्या परदेशी राजधान्यांत तयार होऊ लागल्या आहेत. पुढची अडवणूक कोणत्या रूपाने येईल, हे सांगता येत नाही. कदाचित यंत्र भरपूर मिळेल आणि त्यावर चालणारी संकलित लायब्ररीच कुलपात राहील. अशा वेळी खरेदीचे अधिकार ज्यांच्या हाती असतात, त्यांत आपल्यापैकी काही वाचकही असतील. त्यांनी निविदेत यंत्राच्या वेगाचा रकाना भरताना आणखी एक रकाना घालावा: मूळ लेखन आपल्यापाशी राहणार आहे काय, आणि ते वाचू शकतील अशी माणसे आपण पदरी बाळगली आहेत काय? प्रा. रोद्दम नरसिंह २०२० साली गेले, सुलोचनाबाई २०२५ साली गेल्या. या दुसऱ्या रकान्यात लिहावयाची नावे निविदा काढून मिळत नाहीत. ती आधीपासून घडवावी लागतात.